गट सत्तेचाळीसमध्ये एकटं कुणी नाही

सकाळी ऑफिसात पोचलं की पर्स खुर्चीला अडकवायची आणि आईला फोन लावायचा, हा माझा नेम. यात प्रेम आहेच, पण खरं सांगायचं तर धाक जास्त आहे. आईचे गुडघे कधीच संपावर गेलेत, जीभ मात्र रोज कामावर हजर असते. ती एकटी राहते. "तुझ्याकडे येऊन जावयाचं घोरणं ऐकू? त्यापेक्षा माझं घर बरं," असं म्हणून तिने तो विषय निकालात काढला आहे.

मग मी निदान तिच्याकडून एक धडा घोकून घेतला होता. दाराशी अनोळखी कुणीही आलं, काहीही विचारलं, तरी एकटी राहते असं म्हणायचं नाही. म्हणायचं, लेक आत आहे. आईने पदरची भर घालून तो पाठ केला. "लेक आत आहे, आणि ती फार तापट आहे," असं म्हणून ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

त्या दिवशी तिने फोन उचलला नाही.

आंघोळीला गेली असेल, म्हटलं. थंडीची लाट होती, गरम पाणी सोडून बाहेर यावंसं कुणाला वाटेल? थोड्या वेळाने पुन्हा लावला. नुसती रिंग वाजत राहिली. आणखी एकदा लावला तेव्हा मला समोरच्या स्क्रीनवरचं अक्षर दिसत नव्हतं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला तर त्याचाच पगार मिळतो. शहरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कुठे काय सोय करायची, हे आकडे बघून ठरवणं हे माझं काम. थंडीत कुठल्या भागात जास्त माणसं दगावतात, घरात पडलेलं माणूस किती वेळाने कुणाला सापडतं, सगळं मला तोंडपाठ. लगेच सापडलं तर काय होतं आणि दुसऱ्या दिवशी सापडलं तर काय, याचा आलेखही मीच काढला होता. त्याची खाली घसरत जाणारी रेघ आता डोळ्यांपुढून हलेना.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. आम्ही त्यांना त्यांच्या पाठीमागे 'सरासरी' म्हणतो.

"आई फोन उचलत नाहीये."

"अहो, शेजारी गेल्या असतील. सरासरी बघता दहातल्या नऊ वेळा तसंच असतं."

"आणि दहावी वेळ?"

त्यांनी डोकं पुन्हा फायलीत घातलं. मला त्यांचा राग आला, कारण मीटिंगमध्ये हेच वाक्य मीही बोलत असते.

मग मला आमची दारभेट आठवली आणि जरा धीर आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावर रोज सकाळी आमची मदतनीस तीनदा टकटक करते आणि हाक देते, "उठलात का?" दार उघडतं, ती तोंड बघते, पुढे जाते. एवढंच काम, पण त्याने माणसं वाचतात. आईच्या गल्लीतही ती यायची; आई मला तिच्या गोड आवाजाची नक्कल करून दाखवायची. मी दारभेटीच्या फोनवर आईचा पत्ता सांगितला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता कुणाला तरी पाठवा.

"ताई, तिथली दारभेट बंद झाली ना सोमवारपासून," पलीकडचा माणूस म्हणाला.

"बंद? कुणी केली बंद?" माझा आवाज चढला. आई तर फोनवर काहीच बोलली नव्हती.

"वरून आदेश आलाय. तो भाग गट सत्तेचाळीसमध्ये येतो. तिथं एकटं कुणी राहतच नाही म्हणे."

तो आदेश माझा होता.

मदतनीस कमी आणि म्हातारी माणसं जास्त, म्हणून आम्ही घरोघरी पाहणी करून घेतली होती. जुन्या याद्या बाद करून नवे गट पाडले. कुणी आपल्या गल्लीसाठी वशिला लावू नये म्हणून तक्त्यात गल्ल्यांची नावं ठेवली नाहीत, नुसते क्रमांक. हा नियमही माझाच, आणि त्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. गट सत्तेचाळीसमध्ये म्हातारी माणसं भरपूर होती, पण एकटं राहणाऱ्यांच्या रकान्यात शून्य होतं. मी भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "बघा, जग अजून बुडालेलं नाही. इथं मुलं आईबापांना सांभाळतायत." आणि तिथली मदतनीस उचलून दुसऱ्या गटाला दिली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

टॅक्सीत मी फोन कानाला लावूनच बसले होते. रिंग वाजायची, बंद पडायची, मी पुन्हा लावायची. शून्य कसं आलं? पाहणीवाल्यांनी घरी बसून कागद भरले का? दुसऱ्या गटाचा आकडा इकडे पडला का? एकीकडे चूक शोधत होते आणि एकीकडे देवाला विनवत होते, की तिला फक्त ऐकू आलेलं नसू दे. बहिरी झालेली चालेल. चिडलेली तर फारच चांगलं.

आईची इमारत चढावर आहे. जिना अरुंद, दिवसाही अंधारा. मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचले आणि माझ्याकडची किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार हललं नाही. आतून कडी होती.

म्हणजे ती आत होती. आत होती आणि फोन उचलत नव्हती. मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "आई! आई गं!"

काही नाही. मग फार खालून, जमिनीलगतून आवाज आला. इतका बारीक, की मी दाराला कान लावला.

"लेक आत आहे," आई म्हणाली. "फार तापट आहे ती."

"आई, मीच आहे! दार उघड!"

"आत आहे लेक," ती पुन्हा म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "जा तुम्ही."

त्यानंतर आवाज थांबला.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. येतोय म्हणाले, पण चढावरच्या या गल्लीत त्यांना किती वेळ लागतो, तोही आकडा मला माहीत होता. दाराला खांदा दिला. ते जुनं, जाड लाकूड, माझ्यासारख्या खुर्चीवाल्या बाईला काय दाद देणार? मी समोरचं दार बडवायला लागले. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा राहतात.

"मुलगा आत आहे," आतून आवाज आला. "पोलिसात आहे तो."

आजोबांचा मुलगा परदेशात असतो. पोलीस वगैरे काही नाही, गाड्या विकतो.

"आजोबा, मी समोरच्यांची मुलगी! आई पडलीये!"

आतला दिवा बंद झाला.

मी वरच्या मजल्यावर धावले. तिथल्या मावशी दारामागून म्हणाल्या, "सूनबाई झोपलीये, नंतर या." त्या मावशींना मुलगाच नाही, सून कुठली? खालच्या मजल्यावर कुणाचा तरी जावई घरात होता. ज्याला त्याला कुणीतरी पोटच्याने हेच पढवून ठेवलं होतं. आणि पाहणीवाला हातात पेन घेऊन दारात उभा राहिला, घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं, तेव्हा या सगळ्यांनी शहाण्या मुलांसारखं पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. पाहणीवाल्याची चूक नव्हती. आईने मला त्याच्या कागदावर घरात बसवलं होतं, मीच शिकवलं होतं तसं.

जिन्यात मी एकटी उभी होते. सगळी इमारत माणसांनी भरलेली आणि एक दार उघडत नव्हतं. आईच्या दाराआड काहीच ऐकू येत नव्हतं. मला रडू फुटलं. मोठ्याने, लाज सोडून रडले.

मग मला आईने केलेली मदतनीस बाईंची नक्कल आठवली. मी डोळे पुसले, आजोबांच्या दाराशी गेले आणि हलक्या हाताने तीनदा टकटक केली. आवाज जमेल तेवढा गोड केला.

"उठलात का?"

कडी निघाली. आजोबा मफलर गुंडाळून उभे होते, तोंडभर हसत. "किती दिवसांनी गं," म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसले.

त्यांनी पहार आणली. तोवर मी वर जाऊन तशीच तीनदा टकटक केली, मग खाली. मावशी आल्या, खालचे दोघे आले. सगळ्यांचं बळ एकत्र करून एक धड माणूस झालं नसतं, पण पहार फटीत बसली, आम्ही लोंबकळलो आणि कडी निखळली.

आई पलंग आणि दार यांच्या मध्ये पडली होती. पाय वेडावाकडा, ओठ निळे, फरशीसारखी गार. मी तिला कोट पांघरला, तिच्या तोंडाजवळ गाल नेला. श्वास होता. तिने डोळे किलकिले केले.

"बघ, म्हटलं ना त्या दार बडवणाऱ्याला," ती पुटपुटली. "आत आहे म्हणून."

ॲम्ब्युलन्सचा माणूस आला. त्याने नाडी बघितली, तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि कागद काढला. "यांच्यासोबत घरात कोण राहतं?"

आईचे ओठ हलले. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिच्या आधी बोलले.

"कुणी नाही. एकटी राहते. लिहा तसं."

आजोबा पहार टेकवून उंबऱ्याशी उभे होते.

"माझंही लिहून घ्या," ते म्हणाले.

"तुम्हाला काय झालंय, आजोबा?" ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "अजून."