माझ्यावर फुलपाखरू बसवलं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. म्हणजे गेल्या शनिवारपर्यंत होतो. आता मी फुलपाखरू आहे आणि भयंकर चिडलेलो आहे.

टिटवाळ्याच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची मागची भिंत म्हणजे मी. धोंडिबा गवंड्यांनी मला गिलावा केला, घासून गुळगुळीत केलं आणि काळा रंग दिला. संध्याकाळी कल्याणची नोकरी आटपून पायलताई येते आणि दहावीच्या मुलांना माझ्यावर गणित शिकवते. माझ्या अंगावर शिकून कितीतरी मुलं पास झाली. तेव्हा लोक माझं कौतुक करत.

ठाण्याच्या एका संस्थेत परदेशी मुलं काही महिने शिकायला येतात. अभ्यासाबरोबर समाजसेवा केली की त्यांना तिचेही गुण मिळतात, म्हणून ती आमच्या विहारात येतात. पहिल्या वर्षीची मुलं चांगली होती. सतरंजीवर बसून आधी ऐकायची, मग इंग्रजी शिकवायची. यंदाच्या मुलांना मात्र एका दिवसात सेवा उरकायची होती. विहाराचा पत्रा गळतो, पण तिकडे कोण बघतो? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्यांनी मलाच ऑइल पेंट फासला. वर इंद्रधनुष्य, मध्ये हे एवढं फुलपाखरू.

विहाराची किल्ली वस्तीतल्या सुधीरकडे असते. तो शेजारी उभा राहून सगळ्यांना सरबत देत होता!

पायलताई आली आणि दारातच थांबली.

"सुधीर, अरे हे काय?"

"अगं, एवढ्या लांबून आलेत बिचारे. पाहुण्यांना नाही कसं म्हणू?"

"मग तुझ्या घरची भिंत द्यायचीस!"

पाहुण्यांना घेऊन आलेले संस्थेचे क्लिफर्ड सर हसून म्हणाले, "अहो पायल, पोरांना कलर्स आवडतात."

तेवढ्यात दहावीतली कल्पिता पुढे आली. "सर, माझा भूमितीचा पेपर आहे. प्रमेय कुठे लिहायचं, फुलपाखराच्या पोटावर?"

पाहुण्यांनी विचारलं, ही काय म्हणते? सरांनी बेधडक इंग्रजीत सांगितलं, तिला चित्र फार आवडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीला तळपाय नसले म्हणून काय झालं?

पायलताईने मग त्यांना इंग्रजीतच खरं काय ते सुनावलं. पाहुण्यांतली एक मुलगी रडायला लागली. सरांनी तिला पाणी दिलं, पाठीवर थोपटलं. कल्पिताला कुणी काही विचारलं नाही. मग माझ्यासमोर फोटो काढून ते गाडीत बसले.

या सेवेचे त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकायला परदेशी जाल. खुशाल जा आणि तिथे सेवाही करा. पण कुणाच्या भिंतीला ब्रश लावण्याआधी त्या भिंतीचं तिथे काय काम आहे, एवढं तोंड उघडून विचारा. आणि घरचे असाल, तर पाहुण्यांना नाही म्हणायला शिका.

ऑइल पेंटवर खडू उमटत नाही. मला खरवडून पुन्हा काळा करणं परीक्षेआधी जमणार नाही. आता कल्पिता फरशीवर ओणवी होऊन त्रिकोण काढते, आणि मागे बसलेल्यांना तो दिसत नाही. सोमवारी त्या सगळ्यांचा पेपर आहे.