बांधावरचा सलाम

जैतूनच्या पत्राला उकंडरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि आज पुन्हा ते पत्र खिडकीतल्या उन्हासमोर धरून ते उलटसुलट बघत होते.

"त्याच्यात काय नोटेवानी तार हाय का?" पार्वतीबाईंनी चहाची कपबशी पुस्तकांच्या चळतीवर ठेवत विचारलं.

"अक्षर तिचंच हाय. मीच गिरवून घेतलेलं. पण भाषा वकिलाची वाटून राहिली."

"मंग वकिलाला उत्तर लिवा. पर लिवा तरी."

पत्र चार ओळींचं होतं. 'गुरुजी, फाट्याच्या रोडचं रान अब्बांनी मला दिलं तेव्हा तुम्ही आणि धर्मसिंगकाका हजर होता. धर्मसिंगकाका वारले. कागद झाला नव्हता; आता कागद म्हणजे तुम्हीच. कुराणशरीफने लेकीला हक्क दिला, संविधानाने दिला, मधली माणसं देत नाहीत. कोर्टात येऊन खरं सांगाल का? आपली विद्यार्थिनी, जैतूनबी.'

उकंडरावांचा संशय 'मधली माणसं' या शब्दांपाशी अडून बसला होता. हे जैतूनला सुचलं असेल? की नांदेडच्या वकिलानं सांगितलं आणि तिनं लिहिलं? आणि या मधल्या माणसांत आपल्यालाही धरलं आहे की काय?

जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून उकंडराव निवृत्त झाले होते. वारंगा फाट्याजवळच्या या गावात त्यांच्या भिंतीला भिंत लागून शेख महेताब यांचं घर होतं. मुलगी जैतून विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा महेताबचाचांनी रोडलगतचं एकरभर रान तिला देऊन टाकलं. बापानं जिवंतपणी दिलेल्या अशा दानाला मुसलमानांत हिबा म्हणतात. देणाऱ्यानं साक्षीदारांसमोर बोलून द्यावं, घेणाऱ्यानं हो म्हणावं आणि देणाऱ्यानं ताबा सोडावा, एवढं झालं की कागदावाचूनही कायदा ते मानतो. चाचा गेले. जैतून त्या रानात हळद, मेथी, वांगी काढत राहिली. मग रस्ता चौपदरी झाला आणि तिच्या धाकट्या भावाला, मुनीरला, तिथे पोराचा ढाबा दिसू लागला. अब्बांनी रान आपाला, थोरल्या बहिणीला, नुसतं सांभाळायला दिलं होतं, असं म्हणत त्यानं विहिरीवरच्या मोटारीला कुलूप घातलं. जैतून नांदेडला लेकीकडे गेली आणि तिथून तिनं दावा लावला.

एवढंच असतं तर उत्तर सोपं होतं. पण याच मुनीरनं पार्वतीबाईंच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना उचलून टेम्पोत निजवलं होतं आणि दवाखान्याच्या फरशीवर बसून रात्री काढल्या होत्या. उकंडरावांचा स्वतःचा मुलगा पुण्याहून पोचेपर्यंत 'नातलग कोण?' या प्रश्नाला 'मी' म्हणून मुनीरच पुढे होत होता.

"त्याच्याविरुद्ध कसं उभं राहू?" उकंडराव पुटपुटले.

"मुनीरनं मला वाचवलं, म्हणून जैतूनचं रान द्याचं व्हय त्याला?" पार्वतीबाई म्हणाल्या. "माजा जीव तिच्या रानाच्या बदल्यात न्हाई मागितला मी."

उकंडरावांनी नेहमीसारखं पुस्तकांकडे तोंड फिरवलं. टेबलावर संविधानाची प्रत होती, शेजारी कुराणाचा मराठी अनुवाद, जो महेताबचाचांनीच एका ईदला दिला होता. आईबापांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, ते थोडं असो की फार. साक्षीदाराला बोलावलं तर त्यानं नकार देऊ नये. न्यायासाठी उभे राहा, मग तो तुमच्या नातलगांच्या विरुद्ध का जाईना. दुसऱ्या पुस्तकात कायद्यापुढे सगळे सारखे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. दोन्ही पुस्तकं एकच बोलत होती, आणि नेमकं तेच उकंडरावांना संशयास्पद वाटत होतं. इतकं सरळ असेल तर गावात एकाही बहिणीला वाटा का मिळत नाही? सगळ्या जातींच्या, दोन्ही धर्मांच्या बहिणी तलाठ्यापुढे सही करून, लुगडं घेऊन परत जाताना त्यांनी बघितल्या होत्या.

मुनीर पारावर म्हणाला होता, आमच्यात साक्षीदार मुसलमान लागतो. त्याचाही शोध उकंडरावांनी घेतला. मृत्युपत्राच्या वेळी तुमच्यातले दोन न्यायी साक्षीदार असावेत, आणि प्रवासात असाल तर बाहेरचे दोघे चालतील, असं एका ठिकाणी होतं. त्या ओळीवर ते फार वेळ थांबले. सामाईक भिंतीच्या अलीकडे जन्म काढलेला माणूस 'तुमच्यातला' की 'बाहेरचा'? कोर्ट तसलं काही विचारत नव्हतं. ज्याला प्रश्न कळतो तो साक्ष देऊ शकतो, धर्म कुठलाही असो. वकिलापुरता प्रश्न तिथेच मिटत होता.

खरी भीती वेगळीच होती. त्यांना रान दिलं त्या दिवसाचं एक दृश्य आठवत होतं. महेताबचाचांनी रानातल्या झोपडीतली आपली बाज आणि खोरं उचलून बांधाबाहेर आणून ठेवलं. मग स्वतः बाहेर आले, वळले, आणि आत उभ्या असलेल्या लेकीला सलाम करून म्हणाले, "बेटी, आऊं क्या अंदर?" ती हसून लाजली. मागे चपला हातात घेतलेले उकंडराव तिच्या होकाराची वाट बघत ताटकळले होते.

पण मग अनुवादात त्यांना दुसरी एक आयत सापडली. दुसऱ्याच्या घरात परवानगी मागितल्यावाचून आणि आतल्यांना सलाम केल्यावाचून शिरू नका. ती वाचल्यापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. हे घडलं होतं, की वाचलेलं आपण आठवणीत नेऊन बसवलं? आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाचा काय भरवसा! कोर्टात शपथेवर बोलायचं आणि ते निघायचं एखाद्या पानावरचं.

"काका, हाव का?" विचारता विचारताच मुनीर आतल्या खोलीपर्यंत आला. हातात ओल्या हळदीची पिशवी होती. उकंडरावांनी पत्र पुस्तकाखाली सरकवलं, पण कोपरा बाहेर राहिला.

"आपाचं पत्र आलं म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"पोस्टमन म्हणला. लपवून काहून ठेवून राहिले? मी काय पोलीस हाव?"

"लपवलं न्हाई. खूण म्हणून ठेवलं."

"काकी, बघा! गुरुजी खोटं बोलाया लागले." मुनीर हसला, पण त्याचे डोळे त्या कोपऱ्यावरून हलले नाहीत. "काका, तुमचं वय झालं. तवा काय बोलणं झालं, तुम्हाला बराबर आठवते का? वकील उभा करून उलटंसुलटं विचारंल. तुमची फजिती मला बघवणार न्हाई."

यात काळजी किती आणि धमकी किती, हे उकंडरावांना कळेना. बहुधा मुनीरलाही कळत नसावं.

"न्हाई आठवत सगळं," ते खरं ते बोलले.

मुनीरचा चेहरा उजळला. "मंग चला रानात. तितं उभं राहून बघा. अब्बा नुसते 'सांभाळ' म्हणले असतील. बसा गाडीवर, दहा मिनटात आणून सोडतो."

उकंडरावांनी कोरा कागद, टपालाचं पाकीट आणि पेन खिशात घातलं. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हे पाकीट ते पत्ता घालून, तिकीट लावून रोज असंच बरोबर नेत आणि परत आणत.

मोटारसायकलवर ते नेहमीसारखे एका बाजूला पाय सोडून, मुनीरच्या खांद्यावर हात ठेवून बसले. वाटेत मुनीर ढाब्याविषयी बोलत राहिला. पोरगं दोन वर्षं नांदेडला कंपनीत राबून परत आलं होतं, दिवसभर मोबाईल बघत पडून असायचं. "त्याचं कायतरी झालं पायजे, काका. आपाला मी उपाशी ठेवणार हाव का?" हेही खोटं वाटत नव्हतं.

लांबूनच दिसलं, रानात कुणी नव्हतं. हळदीची पानं पाण्यावाचून कडेनं करपली होती. मोटारीच्या पेटीवर नवं कुलूप चकाकत होतं. मुनीर तरातरा पुढे चालत होता, मागे वळून सांगत होता, "आता बघा, तितं बाज व्हती, तितं अब्बा..."

बांध आला. मुनीर थांबला. एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली आणि मोकळ्या रानाकडे बघून आवाज दिला, "अस्सलामु अलैकुम. आपा, आऊं क्या?"

वाऱ्यानं हळदीची पानं सळसळली, एवढंच.

मुनीर तसाच उभा राहिला, एक चप्पल पायात आणि एक बाहेर. मागे उकंडरावांच्याही चपला केव्हाच हातात आल्या होत्या.

"सवय लागली," तो म्हणाला. "अब्बा असताना लावलेली. त्याच्यानं काय सिद्ध होत न्हाई."

"न्हाई होत."

"तुमी हे कोर्टात सांगाल."

"कुणी विचारलं तर सांगावं लागंल. न्हाई विचारलं तर तुझ्या अब्बाचं तेवढं सांगीन. आता आठवते मला."

"आपलं एवढ्या वर्षांचं घर, काका. लोक म्हणतील, उकंडरावनं मुसलमानाच्या घरात भांडण लावलं. तुमच्याकडचे वेगळंच म्हणतील."

"म्हणतील," उकंडराव म्हणाले. "मला भ्याव वाटते, मुनीर. पण आत जायाचं असंल तर तिला विचारून जाऊ. मी काही आत येत न्हाई."

मुनीरनं चप्पल पायात घातली. आत तोही गेला नाही.

परतताना तो फाट्यावर थांबला आणि त्यानं दोन चहा सांगितले. हॉटेलच्या बाकावर कागद ठेवून उकंडरावांनी लिहायला घेतलं. मुनीर समोर बसला होता. त्यानं नजर दुसरीकडे वळवली नाही आणि कागदावरही टाकली नाही. त्याच्या चहावर साय धरली.

'चि. जैतून,' त्यांनी लिहिलं. 'कागद नाही, पण मी आहे. तारीख कळव. तुझे अब्बा जे बोलले आणि त्यांनी जे केलं, तेवढंच सांगेन.' 'मी आहे' फार मोठं वाटलं म्हणून ते खोडायला गेले, आणि तसंच राहू दिलं.

पानटपरीला लागून टपालपेटी होती, तळाशी गंजलेली. उकंडरावांनी तिच्या फटीतून आत बघितलं.

"यातली पत्रं काढतेत का हो?" त्यांनी टपरीवाल्याला विचारलं.

"काढतेत की. तुमच्यासारखं कुणी टाकलं तर."

त्यांनी पाकीट सोडलं. ते पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून पेटीवर दोनदा बोटांनी वाजवून बघितलं. मग वळले.

मुनीर गाडी सुरू करून, तोंड रस्त्याकडे करून थांबला होता.

"बसा," तो म्हणाला. काका म्हणाला नाही.

उकंडराव मागे बसले. हात सवयीनं त्याच्या खांद्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मुनीरनं गाडी हलवली नाही. मग त्यांनी दोन्ही हात आपल्याच गुडघ्यांवर ठेवले, आणि गाडी निघाली.