आधी बोला, मग मला फेका

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फासा आहे. मला वीस तोंडं आहेत आणि प्रत्येकावर एक आकडा कोरलेला आहे. ऊर्जानगरजवळ जहीरभाईंचं फर्निचरचं दुकान आहे. त्यांनी पलंगाच्या उरलेल्या लाकडातून मला आपल्या मुलीसाठी, अमरीनसाठी घडवलं. माझ्या आधीचा फासा सारखा एकाच तोंडावर बसायचा, तो चुलीत गेला. मी नीट लोळलो म्हणून वाचलो, आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

अमरीनचा खेळ गोष्टीचा. ती गोष्ट सांगते आणि बाकीची मुलं त्यातली माणसं होतात. आपल्या माणसाने एखादं कसब वापरलं, तर ते कसं हे आधी बोलायचं आणि मग मला फेकायचं. मोठा आकडा पडला की फत्ते. अमरीनचा चुलतभाऊ दानिश तर तलवार उपसताना खुर्चीवर चढायचा. फेकण्याआधी मुलं माझ्यावर फुंकर घालायची. काय दिवस होते ते!

पुढे दानिशच्या मोबाइलमध्ये फासा आला. ‘लढतो’ म्हणायचं, बोट टेकवायचं, झालं. मी स्क्रूच्या डब्यात पडलो. फार वाईट वाटलं.

पण अमरीनही हट्टाची. गोष्टच उरली नाही म्हणून तिने मला बाहेर काढलं आणि न बोलता फेकायला बंदी घातली. पंचाईत झाली ती पोंभुर्ण्याहून नवीन आलेल्या उर्वशीची. शाळेत मुलं तिच्या बोलीला हसली होती, तेव्हापासून ती एका शब्दाच्या पुढे जात नसे. गोष्टीतला तिचा माणूस, एक वाटाड्या, प्रत्येक वेळी नुसता ‘लपतो’.

दानिश वैतागला. “हिले काढून टाक. हिच्यापायी खेळ अडकून राह्यला.”

अमरीनने तिला एक शेवटची संधी दिली. गोष्टीत दानिशचा योद्धा जखमी होता, आणि उर्वशीच्या वाटाड्याने त्याला मोहाच्या झाडाखालच्या अस्वलापुढून न्यायचं होतं. उर्वशीची मूठ घामाने ओली झाली. मी आत होतो, मला ठाऊक आहे. मग तिने मान वर केली.

“मी लपत नाई,” ती म्हणाली. “चोरपावलानं गेलं त अस्वल दचकते न अंगावर येते. आमी मोहफुलं वेचाले जातो तवा म्होरची बाई काठी आपटत, बोलत जाते. मी बी तसाच जातो. कुऱ्हाडीचा दांडा खोडाले ठोकत, हळूहळू. त्याले कळू देतो का माणूस येऊन राह्यला.”

कुणी हसलं नाही. अमरीनने लपण्याचं कसब सोडून जंगलाच्या जाणकारीवर फेकायला सांगितलं. मी जीव तोडून लोळलो आणि तीनवर बसलो. आकडा छोटा, म्हणून अमरीनच्या गोष्टीत अस्वल बहिरं निघालं. ते वळलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

आता दानिश मोबाइल काढणार, असंच मला वाटलं. पण तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता.

“मंग?” त्याने विचारलं. “आता कसं करतं तू?”

मित्रांनो, नशीब माझ्या हातात नाही, मी लाकूड आहे. तुमचा माणूस पाय कुठे ठेवतो, श्वास कसा धरतो, हे तुम्हीच सांगायचं. एवढं माझ्यासाठी करा. मला घाईने फेकू नका. आणि शेजारचं कुणी अडखळत असेल, तर दानिशसारखं विचारा.

त्या दिवशी उर्वशीने मला उचललं, पण फेकलं नाही. ती बोलतच राहिली. मी मुठीत खुशाल पडून ऐकत होतो.