वहिनींच्या गळ्यातली गाठ

वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचा फायदा घरातल्या सगळ्यांना होता. त्या गाठीमुळे थायरॉइड जरुरीपेक्षा जास्त चालत असल्याने त्या चार माणसांचं काम एकट्या उरकत आणि दमल्या तरी टेकत नसत. त्यांचे हात थरथरत, छाती धडधडे. पण दिराला इस्त्रीचे कपडे वेळेवर मिळत. म्हणूनच सर्जनने ऑपरेशन सांगितलं तेव्हा दिराचा चेहरा पडला.

"वहिनी, एवढ्या चपळ आहात, तेच बरं की! उगाच गळा कशाला कापून घेता?"

"भावजी, उद्या हृदय बंद पडलं तर चपळपणा वाटून घ्याल का?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गळ्यावर व्रण दिसेल."

"दिसू दे. कुणी विचारलंच, तर घरचे नको म्हणत होते हेही सांगेन."

संमतीपत्रावर वहिनींनी स्वतः सही ठोकली. ऑपरेशननंतर महिन्याभराने त्या जेवून खुर्चीत निवांत बसल्या. भांड्यांचा ढीग समोर होता, पण त्या उठायचं नाव घेईनात. शेवटी दीरच बाह्या सरसावून उठले.

वहिनींनी किंमत मोजली ती एवढीच: बोटभर व्रण आणि रोज सकाळची एक गोळी. बाकीची सगळी घराने भरली, तीही कुरकुरत.