अर्ध्या पऱ्ह्यांचं चिन्नोर

मी एक जुना फवारणी पंप आहे, पाठीवर बांधायचा. डाव्या हातानं दांडा खालीवर करायचा, उजव्या हातात नळी धरायची. टाकीचा हिरवा रंग उन्हानं उडाला, एक पट्टा तुटला, तिथं आता सुतळी आहे. पण फुस्स करून बंद पडणाऱ्यातला मी नाही.

मित्रांनो, खरं सांगतो, मला बनवलं ते विष पोटात घालायलाच. १९९९ साली देवीदासनं मला अर्जुनी मोरगावच्या बाजारातून सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलं. त्याची दीड एकर धानाची बांधी होती, इटियाडोहच्या नहराला लागून. सात वर्षं मी तिथं विष फवारलं. किडे मेले, बेडूक मेले, बांधीतले खेकडेही गेले. एका दुपारी तोंडाला फडकं न बांधता देवीदास फवारत होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आला आणि ओकत खाली बसला. त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णानं, आरडाओरड केली नाही. आधी मला त्याच्या पाठीवरून ओढून फेकलं, मग त्याला सावलीत नेलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता या घरात जहर येनार नाई."

"मंग तुडतुड्याले का हात जोडू?" देवीदास खाटेवरून म्हणाला.

"जोडा. तवरिक मी दुसरं काई पाहीन."

आणि तिनं पाहिलं. बचत गटाच्या शिबिरात ती दहा पाल्यांचा अर्क शिकून आली. कडुनिंब, करंज, रुई, सीताफळ, निरगुडी, असला सगळा पाला गोमूत्रात महिनाभर सडवायचा. वास असा की शेजारची कुत्री गल्ली बदलायची! मला तिनं दहा वेळा धुतलं आणि माझ्या पोटात तो अर्क भरला. गाव हसलं. हसू दे. दोन-तीन वर्षांत बांधीत बेडूक परत ओरडायला लागले. कृषी विभागाचे साहेब येऊन फोटो काढून गेले. त्या फोटोत मी पूर्ण आहे, देवीदासचं डोकं अर्धंच आलं.

आता २०११ सालचं ऐका.

चिन्नोर हे आमच्याकडचं जुनं वासाचं धान. शिजलं की चार घरं ओळखतात. पण नव्या जातींपुढं ते गावातून गेलं. अन्नपूर्णाच्या सालेकशाच्या आत्याकडे तेवढं टिकून होतं. आत्या थकली, शेती सोडली, आणि उरलेलं पायलीभर बी तिनं भाचीच्या ओटीत टाकलं. म्हणाली, "माह्यापाशी आता दुसरा दाणा नाई." अन्नपूर्णानं ते सगळं पेरलं. पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, बोटभर वर आले. ते गेले असते तर आमच्यापुरतं चिन्नोर संपलं असतं.

आमच्याकडे पंप आणि शिडी घरात राहत नाहीत, गल्लीभर फिरतात. शेजारच्या बांधीवाल्या टिकारामनं मला मागून नेलं. त्याला धुऱ्यावरचं गवत मारायचं होतं. त्यानं माझ्यात तणनाशक भरलं. मी ओरडलो असतो, पण मला तोंड म्हणजे एक नोझल, आणि तेही त्याच्या हातात.

परत देताना त्यानं मला राखेनं घासून चकचकीत केलं. बाहेरून!

"घ्या वयनी, नवरदेवासारका करून आनला."

"आतून धुतला ना गा?"

"धुतला म्हनजे का, आरसा केला!"

अन्नपूर्णानं विश्वास ठेवला. तणनाशकाचं उरलेलं पाणी माझ्या तळाशी तसंच होतं. त्यावर तिनं अर्क ओतला आणि पऱ्ह्यांवर फवारायला लागली. अर्धे पऱ्हे झाले तेव्हा पाल्याचा चोथा माझ्या नोझलमध्ये अडकला. दांडा हलवून हलवून तिचा हात दुखला. चिडून तिनं मला धुऱ्यावर आपटलं, मडक्यात उरलेला अर्क बादलीत कालवला आणि कडुनिंबाच्या डहाळीनं बाकीच्या पऱ्ह्यांवर शिंपडला.

आठव्या दिवशी अर्धे पऱ्हे पिवळे पडून झोपले.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. "पाल्या-मुताची शेती!" लोक धुऱ्यावर उभं राहून बोलत. त्यांच्यात टिकारामही होता. तोही हसला. याचा मला आजही राग येतो.

देवीदास मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे. दुकानातून औषध आनतो."

अन्नपूर्णा पऱ्ह्यांच्या मधोमध उकिडवी बसून होती. एका हाताला पिवळं, एका हाताला हिरवं. मधली हद्द सरळ, जशी दोरी धरून आखलेली.

"अर्क एकच होता," ती हळूच म्हणाली. "मंग हे काऊन जिते हायेत?"

ती उठली. मला उचललं, झाकण उघडलं, वास घेतला. पाल्याच्या वासाखाली दुकानी औषधाचा वास होता. मग आतलं पाणी न काढता तशीच टिकारामच्या अंगणात गेली आणि मला त्याच्या ताटापुढं ठेवलं. तो जेवत होता.

"वास घे."

टिकारामचा घास हातातच राहिला.

"तळाशी थोडंसंच होतं वयनी. मले वाटलं, एवढ्यानं का होते..."

"अन हसून कायले राहिला होता मंग?"

टिकारामच्या बायकोनं, शामकलानं, चुलीपासूनच सुनावलं, "उद्या रोवनीले जा तुमी! बायाइच्या रांगेत!"

पऱ्हे अर्धे, बांधी पूर्ण. एरवी एका जागी पाच-सहा काड्या खोचतात. अन्नपूर्णा म्हणाली, "एका जागी एकच काडी. वीतभर अंतर."

रोवणाऱ्या बायांची म्होरकी अनुसयाबाई म्हणाली, "बाप्पा! टकल्याच्या डोक्यावानी दिसन तुही बांधी."

"दिसू दे."

टिकाराम खरंच आला, लुंगी खोचून. बाया खिदळत होत्या. "टिकाराम भाऊ, लुगडं आनू का?" तो लाल झाला, पण दिवसभर वाकून रोवत राहिला. काडी वाकडी लागली की अनुसयाबाई उपटून परत त्याच्याच हातात द्यायची.

महिनाभर बांधी भकास दिसली. मग एकेका काडीला वीस-पंचवीस फुटवे फुटले आणि मधली जागा दिसेना. दिवाळीनंतर अन्नपूर्णानं त्यातलं सर्वांत भरलेलं बी वेगळं काढलं. पहिली पायली सालेकशाला आत्याकडे पाठवली. दुसरी टिकारामच्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाली, "पेर. आता दोन घरी राहीन."

माझं काय झालं? मला सोड्याच्या पाण्यात भिजवलं, वायसर बदललं, आणि माझ्यातून नुसतं पाणी वालाच्या वेलावर फवारलं. आठ दिवस वेल हिरवा राहिला, तेव्हा मला पुन्हा पाठीवर घेतलं. आता अर्क दोनदा गाळल्याशिवाय माझ्यात कोणी ओतत नाही.

तर मित्रांनो, कोणाची वस्तू मागून नेली तर परत देताना आतून धुवा. बाहेरची चमक पऱ्ह्यांना कळत नसते. आणि धुवायची राहिली असेल तर दारातच सांगा, "राहिली." एवढा एक शब्द टिकाराम त्या दिवशी बोलला असता, तर सगळेच्या सगळे पऱ्हे उभे राहिले असते.