पदवीदानाच्या सकाळचं फिनेल

फरशी स्वच्छ झाली की नाही, हे नीराबाईला डोळ्यांनी कधी पटलं नाही. ते नाकाने पटायचं. आगरदांड्याच्या वाटेवर, खाडीच्या काठाला विद्यापीठाचं आवार उभं राहिलं तेव्हापासून ती तिथल्या झाडलोटीवर होती. आधी हातात झाडू, मग बायकांची मुकादम. इतक्या वर्षांत तिचा एकच नियम. फिनेलचा वास आला पाहिजे, तरच काम झालं.

गेल्या साली आवाराची स्वच्छता बघायला नूतन मॅडम आल्या आणि फिनेलची खरेदीच थांबली. लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी पिंपात मुरवायचं, त्याने फरशा पुसायच्या. संडास-मोरीचं पाणी सरळ खाडीत न सोडता कर्दळीच्या लांबलचक वाफ्यातून फिरवायचं आणि निवळलं की मग सोडायचं. मॅडमनी सगळ्या बायकांना पिंपळाखाली बसवून समजावलं होतं.

"वाफ्यात विरजण असतं असं समजा. घाण तेच खातं. फिनेल पोचलं की विरजण मेलं. मग ते पुन्हा लागायला किती दिवस जातील, सांगता येत नाही."

नीराबाईने मान हलवली होती ती मनापासून. तिच्या लहानपणी ओहोटीला बायका याच खाडीत तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला उतरायच्या. ओला ओचा सांभाळत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत, गुडघाभर चिखलात. सांजेला कोळीवाड्यात घरोघरी तिसऱ्यांचं कालवण रटरटायचं. पुढे वसतिगृहं झाली, पाणी खाडीत येऊ लागलं, आणि एका वर्षी कालवणालाच फिनेलचा वास आला. नंतर तिसऱ्या दिसेनाशाच झाल्या. वाफा झाल्यावर यंदा कुठे त्या परत आल्या होत्या. तिची जाऊ किशोरी पुन्हा टोपली घेऊन मुरुडच्या बाजारात बसू लागली होती.

एवढं सगळं ठाऊक असूनही पदवीदानाच्या सकाळी नीराबाईची मती फिरली. सभागृहाचा व्हरांडा आरशासारखा झाला होता. तिने नाक वर केलं. काही नाही. मुंबईचे पाहुणे येणार, कुलगुरू येणार, म्हणतील बायकांनी नुसता हात फिरवला. खराट्यांच्या मागे एक जुना कॅन तिने अडीनडीला जपून ठेवला होता. तिने तो बादलीत ओतला आणि व्हरांडा, जिना, संडास, सगळीकडून फडकं फिरवलं. वास दरवळला तसा तिचा जीव गार झाला.

मग तिने बादली मोरीत उपडी केली. पाणी दुधासारखं पांढरं होऊन जाळीखाली गेलं. ते पांढरं पाहिलं आणि तिला विरजण आठवलं.

ती तशीच, पदर खोचलेला, रिकामा कॅन हातात, वाफ्याकडे निघाली. धावायचं वय नव्हतं, तरी धावली. मनात एकच, किशोरीची टोपली. आता तिसऱ्या गेल्या तर त्या आपल्या हाताने गेल्या.

वाफ्यापाशी पंपावरचा गुणाजी बांधावर चहा पीत बसला होता. तो नीराबाईच्या लेकीचा सासरा.

"काय विहीणबाई, पाव्हणे वर, न् तुमी हिकडं?"

"अवो, वाफ्याचं पानी थांबवता येतं का?"

"कशापायी?"

नीराबाईने हातातला कॅन पुढे धरला. म्हणाली, "मी फिनेल टाकलंय."

"लय?"

"व्हतं तेवढं."

गुणाजीने उरलेला चहा संपवला, कप धुतला. "मंग मघाशी आला तो वास तुमचा न्हाय. तो अमिषाचा."

"आमची अमिषा?"

"तुमची लेक, माजी सून. पाव्हण्यांच्या खोल्या तिच्याकडं हायेत. उजाडताच आली, डोळ्यांत पानी. बाबा, माझ्या हातून असं झालं म्हनली."

"आनि वाफा?"

"वाफ्याची चावी मी कालच बंद केलीय. वर पताका लावाय लागले, तवाच." त्याने मागच्या सिमेंटच्या टाकीकडे बोट केलं. "सगळं तिकडं जातंय. टँकर येऊन उपसून नेईल. मॅडमना सांगून ठेवलंय."

"तुमाला कसं कळलं?"

"माजी बायको गौरीच्या सणाला शेणानं सारवलेल्या भुईवरबी फिनेल शिपडायची. मला कळनार न्हाय तर कुणाला?"

नीराबाई बांधावर मटकन बसली. आधी तिला रडू आलं असं वाटलं, पण ते हसू होतं. पदर तोंडाला लावून ती हसतच राहिली. कर्दळीची पानं पुढ्यात हलत होती, लाल फुलं होती तशीच ताठ.

"अमिषाला सांगू नका," ती म्हणाली. "मुकादमीन हाय मी."

"तीबी हेच म्हनली. आईला सांगू नका."

वर टाळ्या वाजल्या. कार्यक्रम सुरू झाला होता. नीराबाई उठली, रिकामा कॅन गुणाजीच्या हवाली केला आणि सभागृहाकडे गेली. व्हरांड्यात अजून फिनेलच घमघमत होतं. पाहुणे कोटाची बटणं सावरत त्यातून जात-येत होते. एकानेही नाक वर केलं नाही, ना खाली.

दुपारी मंडप सुटत होता तेव्हा पाणी ओसरलं होतं. नीराबाई चपला काठाला काढून खाडीत उतरली. किशोरी आधीच वाकून चिखल चाचपत होती.

"आज वयनी इकडं कशा?" किशोरी म्हणाली. "पाव्हण्यांनी पेढा न्हाय दिला?"

"दिला. कोरडा व्हता."

तिने चिखलात बोटं घातली. जुनी सवय होती, बोटांना एक तिसरी लगेच सापडली. तिने ती पाण्यात खळबळली आणि नाकाशी धरली.

चिखलाचा वास आला. नीराबाईने तिसरी किशोरीच्या टोपलीत टाकली आणि दुसरीसाठी वाकली.