मुद्दाम केलेले बिघाड

बायको गेल्याची बातमी बसवाल्याला सगळ्यांच्या शेवटी कळली.

तो मागच्या पडवीत पाण्याची मोटर उघडून बसला होता. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. फाटकाकडून कोणीतरी येतंय असं वाटलं म्हणून मान वर केली, तर शेजारचा गाईवाला. या माणसाने गेली दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. बसवाल्याला वाटलं, झालं, आला भांडायला.

"फाटकाला मी हात लावलेला नाही," तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. "जसं होतं तसंच आहे. जाऊन बघा."

"फाटकाचं नाही," गाईवाला म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखी दोन्ही हातांत धरून ठेवली. "तुम्ही आधी हात धुवा."

"का? झालंय काय?"

"हात धुवा. मग सांगतो."

मोटर उघडलेली, म्हणजे नळाला पाणी नाही. गाईवाल्याने बादलीतून तांब्याने पाणी घातलं आणि बसवाल्याने साबण लावून हात धुतले. बादली रिकामी झाल्यावर गाईवाल्याने सांगितलं. बाई दुकानात गेल्या होत्या. बोलता बोलता गल्ल्यासमोर खाली बसल्या. दवाखान्यातली नर्स धावत आली, पण त्या परत उठल्या नाहीत.

मग त्याने बसवाल्याला आपल्या गाडीत बसवलं आणि दुकानापर्यंत नेलं.

बसवाला म्हणजे शहरातल्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला मेकॅनिक. नोकरी संपली तेव्हा बायको म्हणाली, आता जरा मोकळ्यावर राहू. तिने हे घर शोधलं, पुढेमागे थोडी जमीन असलेलं, आणि दोघं इथे आले. इथले लोक वाईट नव्हते. रस्त्यात दिसले की मान हलवायचे, गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे. पण गाडं त्या बोटाच्या पुढे काही सरकेना. कोणाचा ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला की बसवाला पान्यांची पेटी घेऊन जायचा. "राहू द्या," समोरचा म्हणायचा, "आमचं आम्ही बघतो." आणि खरंच बघायचे. इथला प्रत्येक जण अर्धा मेकॅनिक होता. पेटी घेऊन गेलेला माणूस पेटी घेऊन परत यायचा आणि बायको विचारायची, "काय, आजही गिऱ्हाईक नाही?"

फाटकाचं प्रकरण अगदी सुरुवातीचं. वाटेच्या टोकाशी एक फाटक होतं. बसवाल्याला ते एकदा सताड उघडं दिसलं. कोणीतरी विसरलं असणार, असं समजून त्याने ते लावलं आणि पुन्हा उघडू नये म्हणून तारेने बांधलंही. मनात म्हणाला, शेजारधर्म झाला. गाईवाल्याची गुरं दिवसभर त्या फाटकाच्या अलीकडे आणि पाणी पलीकडे. संध्याकाळी गाईवाला दारात येऊन ओरडला, "उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद. तुमच्या शहरात एवढंही शिकवत नाहीत का?" बसवालाही काही कमी नव्हता. त्यानेही दोन शब्द जास्तच ऐकवले. तेव्हापासून बोलणं बंद.

म्हणून नंतर त्याला प्रश्न पडला होता, की एवढ्या लोकांतून हाच का आला सांगायला. त्याने दुकानदारीणबाईंना विचारलं. बाई मोकळ्या तोंडाच्या होत्या.

"आम्ही सगळे इथे उभे," त्या म्हणाल्या, "आणि कोणी सांगायचं यावरून घोळ. अशी बातमी घरच्या माणसाने सांगावी. आता तुमचं इथे घरचं कोण? नर्स म्हणाली मी जाते, पण ती तुम्हाला ओळखत नाही. मी म्हटलं मी जाते, तर मीच आधी रडायला लागले. मग वखारवाला म्हणाला, यांचं कोणाशी भांडण आहे का? म्हटलं आहे ना, गाईवाल्याशी. म्हणाला, मग त्यालाच पाठवा. भांडण आहे म्हणजे निदान ओळख तरी आहे."

पुढचे काही दिवस घरात माणसं येत राहिली. यायची, उभी राहायची, फार बोलायची नाहीत. कोणी जेवणाचा डबा ठेवून जायचं, कोणी न विचारता सरपण फोडून रचून जायचं. मोटर उघडीच पडलेली होती, ती गाईवाल्याने जोडून दिली. मुलगा शहरातून आला, आठवडाभर राहिला.

"बाबा, इथे एकटे काय करणार तुम्ही?" तो म्हणाला. "महिनाअखेरीस येतो न्यायला. घराचं गिऱ्हाईक मी बघतो."

"बरं," बसवाला म्हणाला. वाद घालायलाही अंगात जोर लागतो, आणि तेवढा त्याच्यात उरला नव्हता.

मुलगा गेला आणि बसवाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. सकाळी बसायचा तो दिवे लागेपर्यंत. डबे यायचे आणि तसेच परत जायचे. समोरच्या खुंटीवर तिचा कोट लटकत होता. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून तो खिडकीकडे तोंड करून बसायचा.

असं चाललेलं असताना एका सकाळी गाईवाला दारात आला. "ट्रॅक्टर सुरू होत नाही," म्हणाला. "बघता का जरा?"

बसवाल्याला नको म्हणायचं होतं. पण पाय उठले. सवय, दुसरं काय. पेटी उचलून तो गेला. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, खाली वाकला आणि बघतो तर डिझेलचा कॉकच बंद. कोणा नवशिक्याचा ट्रॅक्टर असता तर गोष्ट वेगळी. हा माणूस मिसरूड फुटल्यापासून याच ट्रॅक्टरवर बसत आलेला.

"अहो, हा तर..." असं म्हणत त्याने मान वर केली. गाईवाला पलीकडच्या टेकडीकडे बघत होता, जशी ती टेकडी आजच तिथे आलीय. घराच्या खिडकीत पडदा हलला आणि त्यामागे गाईवाल्याची बायको दिसली. दोन्ही हात तोंडावर धरून उभी.

बसवाला परत खाली वाकला. इंजिनाआड तोंड लपवून थोडा वेळ तसाच राहिला.

"पंपात हवा धरलीय बहुतेक," तो शेवटी म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे," गाईवाला म्हणाला. "घाई नाही."

त्याने सगळ्या नळ्या काढल्या, फिल्टर धुतला, काही गरज नसताना बॅटरीचे पॉइंट घासले. दुपार झाली तेव्हा वहिनींनी हाक मारली, "भावोजी, पान वाढलंय. हात धुऊन या." किती दिवसांनी तो पोटभर जेवला. जेवताना मनात आलं, घरी गेल्यावर तिला सांगायचं, अगं, गिऱ्हाईक मिळालं. आणि मग घास हातातच राहिला. वहिनींनी पाहिलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

त्यानंतर गावातल्या यंत्रांवर साथच आली. दुकानातला फ्रीज बंद पडला. त्याचा प्लग बोर्डातून बोटभर बाहेर ओढलेला होता. नर्सची गाडी सुरू होईना. तिची बॅटरीची वायर सैल होती, आणि नर्सबाईंच्या स्वच्छ धुतलेल्या हाताला ग्रीसचा ठसठशीत डाग. बसवाला प्रत्येक ठिकाणी गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा, "अवघड दुखणं आहे" म्हणायचा आणि चांगली अर्धी सकाळ घालवायचा. त्याला सगळं दिसत होतं, पण दाखवायचं नव्हतं. जे लोक नट सैल झाला तरी कोणाला हात लावू देत नव्हते, ते आता स्वतःच्या हाताने नट सैल करत होते. कोणासाठी, तर परवा आलेल्या माणसासाठी. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला हे आठवायचं आणि भरून यायचं.

एकदा तर पंचाईतच झाली. तो दुकानात फ्रीजच्या मागे बसला असताना वखारवाला आत आला. "बसवाले आहेत का? आमचं इंजिन जरा..."

"तुमचं उद्या ठरलं होतं ना?" दुकानदारीणबाई दबक्या आवाजात खेकसल्या. "आज माझा नंबर आहे. लाज वाटत नाही का, मध्येच घुसायला?"

"उद्या मला लाकूड पोचवायचंय हो."

"मग परवा बिघडवा."

फ्रीजच्या मागे बसवाल्याने ओठ दाबून धरले आणि हातातला पाना मुद्दाम खाली पाडला. बाहेर एकदम शांतता झाली.

पण वखारवाल्याचं ते परवा वेगळंच निघालं. बसवाला वखारीत पोचला तेव्हा आऱ्याचं मोठं डिझेल इंजिन गप्प होतं, खालची जमीन तेलाने काळी झाली होती, आणि वखारवाला एका ओंडक्यावर डोकं धरून बसला होता. हा बिघाड खोटा नव्हता. बेअरिंग जळली होती, शाफ्टला ओरखडे पडले होते. बसवाल्याने खाली हात घातला. तेल सोडायचा नट पूर्ण निघाला होता. आटे शाबूत, एकही घाव नाही. आदल्या संध्याकाळी हाताने सैल करून ठेवलेला नट होता तो. थोडं तेल गळेल, बसवाल्याला बोलावू, तो आवळेल, एवढंच वखारवाल्याने ठरवलं असणार. आणि सकाळी, रोजच्या सवयीने, सगळं विसरून त्याने इंजिनाला हँडल मारलं असणार.

"आपोआप सैल झाला असेल," वखारवाला जमिनीकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. त्या एका इंजिनावर त्याचं घर चालत होतं.

"होतं असं," बसवाला म्हणाला. "हादऱ्याने नट सुटतात. आमच्या डेपोत कितीदा व्हायचं."

वखारवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

मुलगा महिनाअखेरीस आला तेव्हा घरात सामान बांधलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून इंजिनाचे भाग मांडले होते आणि बाप चष्मा लावून शाफ्ट घासत होता.

"बाबा, हे काय? निघायचंय ना आपल्याला?"

"बस. चहा घे."

मग बसवाल्याने त्याला सगळं सांगितलं. डिझेलचा कॉक, प्लग, नर्सच्या हाताचा डाग. मुलगा हसला.

"म्हणजे हे लोक तुमच्यासाठी आपली यंत्रं बिघडवतात," तो म्हणाला. "मग तुम्ही माझ्याबरोबर चला. त्यांची तरी सुटका होईल."

बायको गेल्यापासून बसवाला पहिल्यांदा मोठ्याने हसला. हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला.

"ते खरंय रे," तो डोळे पुसत म्हणाला. "पण या माणसाचं आता खरंच बिघडलंय. माझ्यापायी बिघडलंय. ते तसं टाकून मी तुझ्या फ्लॅटमध्ये येऊन बसू?"

"आणि हे झाल्यावर?"

"झाल्यावर काय?"

"झाल्यावर याल ना?"

बसवाल्याने शाफ्ट उजेडात धरला. "मी तिकडे आलो तर मला कोण बोलवणार आहे?" तो म्हणाला. "तुझी गाडी बिघडली तर तू कंपनीत फोन करतोस."

दुसऱ्या दिवशी शाफ्ट धरायला मुलगाही वखारीत गेला. तिथे गाईवाला आधीच बाह्या सरसावून हजर होता. दिवसभर पकडा, उचला, सोडा चाललं. गाईवाला आणि बसवाला एका वॉशरवरून कडाकडा भांडले, आणि वखारवाल्याने मुलाला हळूच सांगितलं, "घाबरू नका. यांचं आता छान जमलंय." मुलगा एकटाच शहरात परतला. जाताना म्हणाला, गिऱ्हाइकाला मी "नाही" म्हणून कळवतो.

इंजिन सुरू झालं. आरा पुन्हा ओरडायला लागला आणि वखारवाल्याचं अडलेलं लाकूड पोचायला लागलं. त्यानंतर गावातली यंत्रं मुद्दाम बिघडायची थांबली. आता कधीतरी, खरंच काही अडलं, की कोणीतरी फाटकापाशी येऊन "बसवाले" अशी हाक मारतं.

एवढं झालं, पण आभार मानायचे राहिले आहेत. मानायचे तर आपल्याला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं हे सांगावं लागेल, आणि मग वखारवाल्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही. बसवाल्याने गाईवाल्यापाशी विषय काढायचा दोनचार वेळा प्रयत्न केला. दर वेळी गाईवाला टेकडीकडे बघायला लागला. ते काम अजून झालेलं नाही. आणि खुंटीवरचा कोटही अजून काढलेला नाही.